चिटबॉयला फॉर्म पाठवून रिक्वायरमेंट का मिळत नाहीत

प्रश्न : मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, घरी ऊसशेती. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगमध्ये होतो, गेल्या दिवाळीपासून बिझनेस ॲनालिस्ट झालोय. (गावाकडे सगळे विचारतात, इंजिनिअर होऊन परत बी.ए. कशाला करतोयस.) आमच्याकडे एका सहकारी साखर कारखान्याचं काम आलंय : ऊसनोंदीपासून ऊसबिलापर्यंत सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये. ते पुढच्या वर्षीच्या हंगामात चालू व्हायचंय. यंदाचा हंगाम दीड महिन्यावर आलाय. मॅनेजरनी रिक्वायरमेंट (सॉफ्टवेअरकडून कुणाला काय हवंय ते) गोळा करायचा प्लॅन मागितला. मी नऊ पद्धती लिहून दिल्या : इंटरव्ह्यू, सर्व्हे, फोकस ग्रुप, वर्कशॉप, ब्रेनस्टॉर्मिंग, नॉमिनल ग्रुप, डेल्फी, ॲफिनिटी डायग्राम, यूजर स्टोरी. त्यांनी "यातलं काय कशासाठी?" एवढंच लिहून तो परत पाठवला. सोमवारी पुन्हा द्यायचाय.

दरम्यान मी कारखान्याच्या सगळ्या चिटबॉयना (गावात राहून ऊसनोंद घेणारी कारखान्याची माणसं) गूगल फॉर्म पाठवला होता. जवळजवळ सगळ्यांनी 'सध्याची पद्धत ठीक आहे' असं लिहिलं. चेअरमन म्हणतात, "गाड्या कुठं आहेत, काय आहेत, मोबाईलवर सगळं दिसलं पाहिजे." ऊसनोंद पक्की कधी धरायची यावर शेतकी विभाग आणि अकाउंट्स एकमेकांच्या विरुद्ध सांगतात. त्यात मी सर्टिफिकेशनची परीक्षाही देतोय आणि मॉक टेस्टमध्ये नेमके हेच प्रश्न चुकतात. फोकस ग्रुप की वर्कशॉप, नॉमिनल की डेल्फी, मला सगळं सारखंच वाटतं. यांच्यातला फरक लक्षात कसा ठेवायचा, आणि सुरुवात कशानं करायची?
— बी.ए., पण गोंधळलेला

उत्तर : तुमच्या मॅनेजरनी प्लॅन परत पाठवला ते बरं झालं. नऊ नावं एकाखाली एक लिहिली की कागद भरतो, पण उद्या सकाळी कुणी कुठे जायचं ते त्यातून कळत नाही. पुस्तकांत या सगळ्या पद्धती एकाच प्रकरणात ओळीनं येतात, म्हणून त्या सख्ख्या भावंडांसारख्या दिसतात. व्याख्या पाठ करून तो गोंधळ सुटत नाही, परीक्षेपुरताही नाही.

त्याऐवजी दर वेळी एकच विचारा : मला हवी ती माहिती आत्ता आहे कुठे? कुणाला तरी ती माहीत आहे आणि तो ती सांगेल, असं असेल तर इंटरव्ह्यू घ्या. माणूस ते काम रोज करतो, पण इतकं अंगवळणी पडलंय की विचारलं तर सांगता येत नाही, अशा वेळी तिथे जाऊन बघावं लागतं. कागदावर असेल तर कागद वाचा. दोन विभागांकडे अर्धी अर्धी आहे आणि दोन्ही अर्धी जुळत नाहीत, तर त्यांना एका टेबलाशी बसवा. आणि काही माहिती अजून कुणाकडेच नसते, समोर काहीतरी दिसेपर्यंत ती तयारच होत नाही. तिथे नमुना करून दाखवायचा.

आता तुमची यादी परत बघा. जाऊन बघणं, कागद वाचणं, नमुना दाखवणं, या तिन्ही त्यात नाहीत. आणि तुमच्या कामात सगळ्यांत जास्त देणार आहेत त्या याच. उलट ॲफिनिटी डायग्राम आणि यूजर स्टोरी आहेत, ज्या काहीच गोळा करत नाहीत. ॲफिनिटी डायग्राम म्हणजे गोळा झालेल्या चिठ्ठ्या सारख्याशी सारखी लावून गठ्ठे करणं. जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांनी ती पद्धत रूढ केली. यूजर स्टोरी म्हणजे मिळालेली गरज दोन वाक्यांत लिहून ठेवायची रीत. दोन्ही कामाच्या, पण नंतरच्या. म्हणजे यादी आधीच सातवर आली.

आता तुमच्या घरातलाच विषय घेऊ, पाळी. (वाचकांसाठी : नोंदलेला ऊस लागणीची तारीख आणि जात बघून क्रमानं तोडायचा असतो, तो क्रम म्हणजे पाळीपत्रक. पाळी आली की चिटबॉय तोडीची चिठ्ठी देतो.) मुख्य शेतकी अधिकाऱ्यांना तुम्ही विचाराल, "तोड कशी ठरते?" ते म्हणतील, "पाळीपत्रकाप्रमाणे." ते खोटं बोलत नाहीयेत. त्यांनी तुम्हाला नियम सांगितला. तुम्ही तो लिहून घ्याल, डेव्हलपर तारखेप्रमाणे यादी लावेल आणि पाळी नसताना चिठ्ठी निघणारच नाही, अशी चोख व्यवस्था होईल.

त्याऐवजी असं करा. मागच्या हंगामातल्या एका गटाच्या (काही गावांच्या मिळून), एखाद्या आठवड्याच्या सगळ्या तोडणी चिठ्ठ्या मागून घ्या आणि पाळीपत्रकाशेजारी मांडा. क्रम जुळणार नाही. मग तेच कागद हातात घेऊन पुन्हा जा. आता प्रश्न वेगळा : "हा ऊस यादीत इतका खाली होता, मग तो आधी का गेला?" एक म्हणेल, जळीत होता. जळालेला ऊस ठेवता येत नाही, वजनही जातं आणि उताराही (उसातून मिळणारं साखरेचं प्रमाण). दुसऱ्याचं, रानात पाणी होतं, गाडी आत जाईना, म्हणून पुढचा घेतला. तिसरीकडे टोळी शेजारच्या फडात होतीच, अर्ध्या एकरासाठी परत कोण आणणार. चौथ्या चिठ्ठीला सगळे जरा हसतील आणि चहा मागवतील. चौथं कारण काय, ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

पहिल्या इंटरव्ह्यूत नियम मिळाला, कागदांत अपवाद दिसले, दुसऱ्या इंटरव्ह्यूत अपवादांची कारणं आली. तीन वेगळ्या पद्धती, तीन वेगळ्या गोष्टी, आणि हाती लागलेली रिक्वायरमेंट पहिल्या मुलाखतीत कुणी उच्चारलीही नव्हती : पाळी मोडायची सोय हवी, कारण नोंदवून, आणि कुणी मोडली त्याच्या नावासह. ती दिली नाहीत तर लोक बाहेर कागदावर चिठ्ठी देतील आणि संध्याकाळी सॉफ्टवेअरमध्ये क्रम जुळवून भरतील. तुमची यादी अगदी स्वच्छ राहील आणि कुणाच्या उपयोगाची नसेल.

इंटरव्ह्यूबद्दल आणखी एकच. "साधारणपणे तुम्ही काय करता?" असं विचारलं की माणूस पुस्तकी बोलतो. "काल शेवटची चिठ्ठी कुणाला दिली? ती कशी दिली ते सांगा," असं विचारलं की तो आठवून बोलतो. साधारणपणे, बहुतेक, सहसा हे शब्द तुमच्या प्रश्नांतून काढून टाका. निम्मं काम तिथेच होतं.

बघण्यासाठी जागा निवडायची तर काटा निवडा. वजनकाट्यावरच्या क्लार्कला ऑफिसात बोलावून विचारलंत तर तो तीन वाक्यांत सांगेल : चिठ्ठी घेतो, वजन करतो, पावती देतो. आता संध्याकाळी सातनंतर त्याच्या खिडकीत, त्याच्या मागे उभे राहा. मागे ट्रॅक्टरांची रांग लागलीय, एकेकाला दोन दोन ट्रॉल्या. ड्रायव्हर वर हात करून चिठ्ठी देतो, ती दवानं किंवा घामानं भिजलेली. नंबर वाचता येत नाही. क्लार्क नाव विचारतो; त्या नावाचे त्या गावात चौघं. मग तो विचारतो, "मळ्यातले का वस्तीवरचे?" आणि बरोबर खातं उघडतो. हा 'मळ्यातले का वस्तीवरचे' शोध तुमच्या सर्च स्क्रीनवर आहे का? दोन्ही ट्रॉल्यांतला ऊस एकाच शेतकऱ्याचा असतोच का? नसेल तर वजन कसं वाटतात? रिकाम्या गाडीचं वजन दर खेपेला होतं की मागचंच धरतात? लाईट गेली तर काय? या प्रश्नांची उत्तरं प्रत्येक कारखान्यात वेगळी मिळतात, म्हणूनच तुम्हाला तिथे जायचंय.

आणि त्याच्या कीबोर्डशेजारी एक वही असेल. शंभर पानी, पेन दोरीनं बांधलेलं. कॉम्प्युटर असताना तो वहीत काय लिहितो, ते विचारा. सध्याच्या सिस्टीममध्ये जे जे मावत नाही ते सगळं त्या वहीत असतं. मला विचाराल तर दहा इंटरव्ह्यू एका बाजूला आणि ती वही एका बाजूला.

बघण्याचेही दोन प्रकार पुस्तकात आहेत. एकात तुम्ही गुपचूप उभे राहता, काहीही विचारत नाही. दुसऱ्यात मध्ये मध्ये विचारता, जमलं तर ते काम स्वतः करून बघता. रांग लागलेली असताना गप्प राहा आणि प्रश्न वहीत लिहून ठेवा. गर्दी ओसरली की विचारा. मात्र पुण्याचा माणूस मागे उभा आहे म्हटल्यावर पहिला काही वेळ सगळं नियमानं चालेल. अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात जे प्रयोग झाले, त्यांतून याला नावही मिळालं, हॉथॉर्न इफेक्ट. मूळ प्रयोगांच्या निष्कर्षांवर पुढे बरेच वाद झाले, पण काट्यावरचा क्लार्क साहेब आले की सरळ बसतो, हे कुणी नाकारणार नाही. म्हणून दोन तास थांबून परतू नका, त्याची ड्यूटी संपेपर्यंत थांबा.

तुमच्या प्लॅनमधली सगळ्यांत महत्त्वाची तारीख इथून निघते. गाळप जून महिन्यात बघायला मिळत नाही. इंटरव्ह्यू, वर्कशॉप कधीही घेता येतील. काटा, गव्हाण (जिथे ऊस गाळपासाठी टाकतात ती जागा), फडातली तोड हे फक्त हंगामात. यंदाचा हंगाम हुकला तर पुढच्या वर्षी तुम्ही सॉफ्टवेअर चालू करतानाच ते पहिल्यांदा बघाल. मॅनेजरना हे एक वाक्य सांगितलंत तरी 'काय कशासाठी' या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळेल. हंगामापर्यंतच्या दीड महिन्यात कागद आणि इंटरव्ह्यू उरका.

कागद म्हणजे कोरे फॉर्म मागू नका, भरलेले मागा. कोऱ्या ऊसनोंद फॉर्मवर 'गट नंबर' असा एक रकाना असतो. भरलेल्यावर तिथे 'पैकी' असतं, दोन नंबर असतात, समासात 'बिल मुलाच्या खात्यावर' असतं. डेटाबेसमधलं ते फील्ड किती मोठं आणि कसं हवं, हे तो समास सांगतो. शिवाय काही रिक्वायरमेंट अशा आहेत की त्या कारखान्यात कुणी बोलूनच दाखवणार नाही, कारण त्या कायद्यात आहेत. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दरानं व्याज लागतं. एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, उताऱ्याशी बांधलेली आहे. "व्याज मोजायची सोय ठेवू का?" असं अकाउंट्सला विचारलंत तर काय उत्तर येईल याचा अंदाज तुम्हाला आहे. हे विचारायचं नसतं, वाचायचं असतं.

आता तो फॉर्म. 'सध्याची पद्धत ठीक आहे' हे चिटबॉयचं उत्तर अगदी शहाणपणाचं आहे. कारखान्याकडून आलेल्या लिंकवर, स्वतःच्या मोबाईल नंबरसकट, कोण लिहील की पद्धत वाईट आहे? पण त्याहून मोठी अडचण सर्व्हेच्या स्वभावात आहे. तुम्हाला आधीच माहीत असलेली गोष्ट किती लोकांना लागू आहे, हे सर्व्हे मोजून देतो. माहीत नसलेली गोष्ट तो शोधून देत नाही, कारण जे तुम्हाला सुचलेलंच नाही त्याचा प्रश्न फॉर्ममध्ये नसतो. 'किती जणांच्या गावात दुपारी रेंज जाते?' हा सर्व्हेचा प्रश्न. 'तुमच्या अडचणी सांगा' हा नव्हे. तेव्हा सर्व्हे चुकीचा नव्हता, लवकर झाला.

सर्व्हे आणि डेल्फी यांत गल्लत होते कारण दोन्हींत लेखी प्रश्न जातात. सर्व्हे पुष्कळ लोकांना, एकदा. डेल्फी मोजक्या जाणकारांना, पुन्हा पुन्हा. पहिल्या फेरीतली उत्तरं नाव न सांगता सगळ्यांना परत दाखवायची, "इतरांचं हे म्हणणं आहे, आता तुमचं काय?" असं विचारायचं, मतं जवळ येईपर्यंत. अमेरिकेतल्या रँड संस्थेत १९५० च्या दशकात ती आकाराला आली, लष्करी अंदाज बांधायला. नाव गुप्त ठेवण्यात सगळी मेख आहे : खोलीतल्या सगळ्यांत मोठ्या माणसाकडे बघून बाकीचे मत देत नाहीत. तुमच्या कारखान्यात यंदा कार्यक्षेत्रात किती टन ऊस निघेल याचा अंदाज बांधायचा असता तर डेल्फी शोभली असती. काट्याच्या स्क्रीनसाठी तिची गरज नाही. प्लॅनमधून काढा, परीक्षेसाठी ठेवा.

फोकस ग्रुप आणि वर्कशॉप या जोडीवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण तुमच्या दोन्ही अडचणी इथे सुटतात आणि तुम्ही बहुधा त्या उलट्या वापरल्या असत्या.

दोन्हींत आठ-दहा माणसं, एक टेबल, बिस्किटं आणि बोलतं करणारा एक जण असतो. बाहेरून बघणाऱ्याला फरक दिसत नाही. फोकस ग्रुपमध्ये एकाच जातकुळीची माणसं असतात आणि त्यांना काय वाटतं ते ऐकायचं असतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन रेडिओच्या श्रोत्यांना बसवून कार्यक्रमाचा कुठला भाग भावला, कुठला खटकला ते विचारत, त्यातून ही पद्धत वाढली. श्रोत्यांनी तिथे काहीही ठरवायचं नव्हतं. वर्कशॉपमध्ये वेगवेगळ्या विभागांची माणसं येतात आणि उठताना काहीतरी ठरलेलं असतं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आयबीएममध्ये जॅड (जॉइंट ॲप्लिकेशन डिझाइन) नावानं ही पद्धत सुरू झाली ती याच वैतागातून, की एकेका विभागाच्या वेगळ्या मुलाखती घेऊन त्यांचे विरोध नंतर ॲनालिस्टनं एकट्यानं निस्तरायचे.

म्हणून चिटबॉयचा फोकस ग्रुप घ्या. फक्त चिटबॉय, ओव्हरसियर नको, शेतकी अधिकारी नको, एचआरचा माणूस तर नकोच. कारखान्यावर नको, एखाद्या गट ऑफिसात दुपारी. एकानं "रेंज जाते" म्हटलं की दुसरा म्हणेल, "रेंजचं सोड, शेतकरी रात्री अकराला फोन करतो, माझी पाळी कधी." तिथे तुम्हाला रिक्वायरमेंट सापडली, आणि ती चिटबॉयच्या ॲपमध्ये नाही, शेतकऱ्याला जाणाऱ्या मेसेजमध्ये आहे.

नोंदीच्या भांडणाला वर्कशॉप. शेतकी म्हणतं, चिटबॉयनं प्लॉट बघून क्षेत्र लिहिलं की नोंद पक्की. अकाउंट्स म्हणतं, सही, बँक खातं आणि सातबारा आल्याशिवाय आमच्या लेखी ती नोंदच नाही. दोघांचंही खरं आहे, कारण एकाला तोडीचं नियोजन करायचंय आणि दुसऱ्याला पैसे द्यायचेत. हवेत चर्चा होऊ देऊ नका. मागच्या वर्षीच्या दोन-तीन अडलेल्या नोंदी कागदासकट टेबलावर ठेवा आणि विचारा, "ही नोंद कुठल्या तारखेला पक्की झाली?" बहुधा अर्ध्या तासात कुणीतरी म्हणेल की 'पक्की' असा एकच टप्पा नसून दोन आहेत. ते तुम्ही आधीच ओळखलं असेल, तरी त्यांच्या तोंडून येऊ द्या. ठरवण्याचा अधिकार असलेला माणूस मात्र खोलीत हवाच. कार्यकारी संचालक येणार नसतील तर तारीख बदला, नाहीतर सगळं ठरेल आणि दुसऱ्या दिवशी मोडेल. चेअरमनना सुरुवातीला दोन शब्द बोलायला बोलवा, नारळ फोडू द्या आणि मोकळं करा. ते बसून राहिले तर वर्कशॉपची सभा होते.

मॉक टेस्टसाठी : प्रश्नात वेगवेगळे विभाग, मतभेद मिटवणे, एकमत असले शब्द दिसले की वर्कशॉप. अपेक्षा, प्रतिक्रिया, प्रॉडक्टबद्दलचं मत दिसलं की फोकस ग्रुप.

उरलेलं भराभर. ब्रेनस्टॉर्मिंग जाहिरात क्षेत्रातल्या ॲलेक्स ऑसबॉर्नचं. कल्पना सुचवायच्या, टीका नंतर. त्याची खोड अशी की मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो. नॉमिनल ग्रुप त्याच खोडीवरचा उपाय, १९७१ सालचा, डेलबेक आणि व्हॅन डी व्हेन यांचा : आधी सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं, मग एकेकानं एकेक कल्पना वाचायची, मग क्रम लावून मतं द्यायची. म्हणजे नॉमिनल समोरासमोर बसून, डेल्फी एकमेकांना न भेटता. एवढं धरून ठेवलंत तर ते प्रश्न चुकणार नाहीत. मतांच्या प्रश्नांत मेजॉरिटी आणि प्लुरॅलिटीचा सापळा असतो. मेजॉरिटीला निम्म्यापेक्षा जास्त मतं लागतात. प्लुरॅलिटीत सगळ्यांत मोठा गट जिंकतो, मग ती ४०, ३५, २५ अशी विभागणी का असेना. आपले आमदार प्लुरॅलिटीनं निवडून येतात.

आता चेअरमन आणि मोबाईल. 'सगळं दिसलं पाहिजे' या वाक्यावर इंटरव्ह्यू घेऊन उपयोग नाही, कारण सगळं म्हणजे काय ते त्यांनाही अजून माहीत नाही. नमुना दाखवा. पण चकचकीत स्क्रीन करून नेऊ नका. ती बघितली की "झालंच की मग, कधी चालू करताय?" हा प्रश्न येतो आणि पुढचे सहा महिने तुम्ही खुलासे देत बसता. कागदावर पेन्सिलनं मोबाईलएवढे चौकोन काढा. एकात आजचं गाळप आणि उतारा, एकात गटवार शिल्लक ऊस, एकात काट्यावर उभ्या गाड्या. ते दोन बाजूला सारतील आणि तिसऱ्यावर बोट ठेवतील. चिटबॉयच्या स्क्रीनचा नमुना मात्र खऱ्या फोनवर न्या, दुपारी बारा वाजता, उसाच्या कडेला, उन्हात.

गाड्या मोबाईलवर दिसण्याच्या हौसेवरून लंडनची गोष्ट सांगायला हवी. तिथल्या ॲम्ब्युलन्स सेवेनं २६ ऑक्टोबर १९९२ ला कॉम्प्युटरवरून गाड्या पाठवायची पद्धत चालू केली. कुठली गाडी कुठे आहे आणि मोकळी आहे की नाही, हे सिस्टीमला जवळजवळ अचूक कळेल असं गृहीत धरलेलं होतं. प्रत्यक्षात रेडिओ काही ठिकाणी पोचत नव्हता, आणि घाईत कर्मचारी बटणं दाबत नव्हते किंवा चुकीच्या क्रमानं दाबत होते. सिस्टीमला गाड्या भलतीकडे दिसू लागल्या, फोन साचले, एकाच जागी दोन गाड्या आणि दुसरीकडे एकही नाही. ४ नोव्हेंबरला ती पूर्ण बसली आणि लोक कागदावर परतले. फेब्रुवारी १९९३ च्या चौकशी अहवालात इतर कारणांबरोबर हेही आलं की गाडीवरच्या लोकांना पुरेसं सहभागी करून घेतलं नव्हतं. रात्री दोन वाजता त्या गाडीत बसून कुणी बघितलं असतं तर दबलं न गेलेलं बटण दिसलं असतं. तुमचा ट्रॅक्टर ड्रायव्हर गव्हाणीतून बाहेर पडल्यावर ॲपमध्ये 'गाडी रिकामी' दाबणार आहे का? त्याच्या फोनला तेव्हा चार्जिंग असतं का? हे ऑफिसात बसून ठरवू नका. एक खेप त्याच्या शेजारी बसून करा.

तुम्ही ऊसवाल्याच्या घरातले आहात, याचा फायदा मोठा आहे आणि एक धोकाही. खुशाली, एन्ट्री (टोळीला आणि गाडीवाल्याला द्यावे लागणारे वरचे पैसे), चिठ्ठीसाठी मारलेल्या चकरा हे तुम्हाला कुणी समजावून सांगायला नको. पुण्यातून गेलेल्या दुसऱ्या कुणाला यातलं कळायलाच एक हंगाम गेला असता. पण तुम्ही शेतकऱ्याच्या बाजूनं बघितलेलं आहे, काट्याच्या आतल्या बाजूनं नाही, आणि तेही तुमच्या भागातल्या कारखान्याचं. आठवणीतून रिक्वायरमेंट लिहिलीत तर ती कुणाकडून आली हे विचारल्यावर सांगता येणार नाही. वडिलांना रीतसर बसवा, शेवटच्या तोडीला काय काय झालं ते विचारा, लिहून घ्या आणि समोर 'ऊस उत्पादक, इंटरव्ह्यू, तारीख' असं टाका. त्यांनी सांगितलेलं दुसऱ्या गावातल्या दोघा-तिघांकडूनही येतंय का ते बघा.

सोमवारच्या प्लॅनमध्ये पद्धतींची नावं डाव्या रकान्यात लिहू नका. डावीकडे प्रश्न लिहा : पाळी कधी मोडते, नोंद पक्की कधी, काट्यावर काय अडतं, चेअरमनना रोज काय बघायचंय, कायदा काय सांगतो. त्यापुढे उत्तर कुणाकडे किंवा कशात आहे, मग पद्धत, मग तारीख, आणि शेवटी त्यातून कुठला कागद हाती येईल ते. ज्या पद्धतीसमोर प्रश्न उरणार नाही ती आपोआप गळेल. काट्यावर आणि फडात जायच्या तारखा हंगाम सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी धरा. सुरुवातीच्या दिवसांत कारखान्यातच सगळं विस्कळीत असतं आणि तुम्ही कुणालाच नको असाल. रात्रपाळीला थांबायची परवानगी मुख्य शेतकी अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या, गेटवर लागेल. आणि सर्व्हे काढू नका, जानेवारीत ठेवा. तोवर काय विचारायचं ते तुम्हाला कळलेलं असेल : पाच प्रश्न, हो-नाही किंवा आकडा, नाव आणि नंबर न मागता. कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकण्यापेक्षा चिटबॉयच्या पंधरवड्याच्या मीटिंगला छापील कागद वाटा आणि तिथेच गोळा करा.